आठ वर्षांचा फरक

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करायला एक मावशी येतात. परवा गप्पा मारताना सहज त्यांचं वय विचारलं, तर म्हणाल्या, "बावन्न." मी उडालोच! मला त्या पासष्टच्या तरी वाटत होत्या. गुडघे गेलेत, बीपीची गोळी चालू आहे. माझी आई पन्नास वर्षांची, बँकेत नोकरी करते, अजून आमच्याबरोबर सिंहगड चढते. दोघींच्या वयात फरक दोन वर्षांचा, पण बघणाऱ्याला वाटेल एका पिढीचा! असं का? म्हणून थोडं वाचलं, तेच इथे लिहितोय. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी सांभाळून घ्या!)

मला वाटलं होतं, उत्तर सोपं आहे : गरिबी. पण मग लंडनच्या सरकारी नोकरांवर झालेला 'व्हाइटहॉल' अभ्यास वाचनात आला. तो १९६७ साली सुरू झाला. त्यात सुमारे १८,००० पुरुष कर्मचारी होते. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी दवाखाना मोफत. उपाशी कोणीच नाही. तरीही पहिल्या दहा वर्षांत शिपाई-दरवान मंडळींमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं! तुम्ही म्हणाल, ते सिगारेट जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरलं, तरी बराचसा फरक शिल्लक राहिला. शिवाय फरक फक्त तळाशी नव्हता. मधल्या पायरीवरच्यांची तब्येत तळापेक्षा बरी, पण वरच्यांपेक्षा वाईट. म्हणजे प्रत्येक पायरीला फरक!

१९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या टीमने दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात १०,३०८ जण होते आणि या वेळी स्त्रियाही होत्या. २००७ मध्ये त्यातून एक निष्कर्ष आला. वरच्या हुद्द्यावर काम केलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाची शारीरिक तब्येत खालच्या हुद्द्यावरच्या साधारण बासष्ट वर्षांच्या माणसाइतकी असते. मध्यम वयात हे अंतर साडेचार वर्षांचंच होतं, म्हातारपणी ते आठवर गेलं. रिटायर झालं की साहेब आणि शिपाई सारखेच, असं आपण म्हणतो. शरीर तसं मानत नाही.

हे कसं होतं? मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. मशीन डिझाईनमध्ये आपण 'फटीग' शिकतो. एका झटक्यात तुकडा मोडेल इतका लोड नसतो, पण तोच छोटा लोड लाखो वेळा येतो, आत बारीक तडा पडतो, आणि एक दिवस शाफ्ट तुटतो. शरीराचंही बरंचसं तसंच आहे. ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं, बीपी वाढतं. ताण गेला की उतरतं. पण पैशाची काळजी, वरून येणारे हुकूम, कामावर स्वतःचा काहीच कंट्रोल नाही, हे रोजचंच असेल तर उतरायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, ज्यांच्या हातात आपल्या कामाचा कंट्रोल कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. मावशींच्या वाट्याला तर हे सगळं आहेच, वर तव्यासमोर तासन् तास उभं राहणं, कमी पगार आणि पेन्शन शून्य!

मी मावशींना म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या हसल्या. "खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार, बाळा?" मला उत्तर देता आलं नाही.

मित्रांनो, दोन-चार वर्षांत आपल्यातलेच कितीतरी जण शॉप फ्लोअरवर सुपरवायझर होतील. शिफ्ट कशी लावायची, ब्रेक किती द्यायचा, कामगाराला बसायला स्टूल ठेवायचं की नाही, हे आपण ठरवणार. शाफ्टसाठी आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी न विसरता धरतो. माणसासाठी धरणार का?