मानमोडी ते स्वाइन फ्लू: विषाणू कळला, मृत्यू कळले का?

जून १९१८ मध्ये मुंबईत पोलीस शिपाई एकाएकी तापाने फणफणले; त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ही इन्फ्लुएन्झाची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘मानमोडी’ची, पहिली लाट होती. ती ओसरली, पण सप्टेंबरात आलेली दुसरी लाट कमालीची घातक ठरली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. सरकारचा देशाबद्दलचा सुरुवातीचा अंदाज ६० लाखांचा होता. १९८६ मध्ये इयान मिल्स यांनी तो १ कोटी ७० लाखांच्या पुढे नेला, तर २०१२ मधल्या एका अभ्यासाने १ कोटी ४० लाखांच्या आसपास आणला. मृतांचा आकडाच शतकभर वर-खाली होत राहिला, ही गोष्ट बोलकी आहे. या काळात विषाणूबद्दलचे ज्ञान झपाट्याने वाढले. माणसे कुठे, कोणती आणि का मेली, याचे ज्ञान मात्र कायम मागे पडले. साथीची झळ किती बसणार हे ठरते ते याच दुसऱ्या बाजूवर.

प्रयोगशाळेची वाटचाल थक्क करणारी आहे. १८९२ मध्ये शास्त्रज्ञ फायफर यांनी एका जिवाणूला दोषी ठरवले आणि १९१८ मध्येही अनेक डॉक्टर त्याच्याच मागे होते. माणसातला खरा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये फेरेट या प्राण्याच्या मदतीने हाती लागला. अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या मृतदेहांतून योहान हुल्टिन यांनी १९५१ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये नमुने काढले. यांतल्या १९९७ च्या नमुन्यांचाही आधार घेऊन शास्त्रज्ञ टाउबेनबर्गर यांच्या गटाने २००५ पर्यंत १९१८ च्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम मांडला. त्या वर्षी तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला आणि उंदरांवर तो विलक्षण जहाल ठरला.

यावर कोणी म्हणेल, विषाणूच जहाल होता, मग समाजाला दोष का? शिवाय १९१८ मध्ये २० ते ४० वयाची धडधाकट माणसे दगावली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. कोणत्या वयाला धोका अधिक, हे शरीर आणि विषाणू यांच्यातल्या झटापटीने ठरले. पण मुंबईत तथाकथित खालच्या जातींतल्या हिंदूंचा मृत्युदर हजारी सुमारे ६१ होता आणि युरोपियनांचा सुमारे ८. विषाणू दोघांसाठी एकच होता. चाळीतली दाटी, शुश्रूषेचा अभाव, त्यात त्या वर्षी पावसाने दिलेली ओढ आणि महागलेले धान्य, हा फरक होता. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हे देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होते. २००६ मध्ये ख्रिस्तोफर मरे आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा देशादेशांतला फरक तीसपटीहून अधिक निघाला. त्याचा मोठा भाग दरडोई उत्पन्नाशी निगडित होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९१८ चे बहुतेक बळी पाठोपाठच्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचे होते, असे २००८ मधल्या शवविच्छेदन-अभ्यासाने दाखवले. आज प्रतिजैविके आहेत, लस आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्था आहे, तिथल्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकातून द्यायची लसही आणली. हे सगळे खरे, आणि मोलाचे. तरीही २००९ चा स्वाइन फ्लू पाहा: जगभरात प्रयोगशाळेने खातरजमा केलेले मृत्यू सुमारे साडेअठरा हजार, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज २ लाख ८४ हजारांचा, म्हणजे सुमारे पंधरापट. त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिका आणि आग्नेय आशियातले मानले गेले. औषध असणे आणि ते वेळेत पोचणे यांतले अंतर या आकड्यांत दिसते.

म्हणून पुढच्या साथीची तयारी म्हणजे फक्त जलद लस, हा समज अपुरा आहे. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश मृत्यूंचेच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले असते. बाकीच्या घरांतून साथ कशी गेली, हे आपण नंतर अंदाजाने काढतो, आणि तो अंदाज धोरणाच्या कामी यायला उशीर झालेला असतो. मृत्यूच्या कारणाची नोंद, प्राथमिक आरोग्य केंद्रातला ऑक्सिजन आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतली घरे हाही इन्फ्लुएन्झा-संशोधनाचाच विषय आहे. त्यासाठी खर्च मागताना संशोधकांनी संकोचू नये.