विसावा मोबाईलमध्ये नाही

अकलूजमधल्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या वस्तीतल्या मावशा, वॉचमन यांच्याकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. "सिस्टर, काम लई नसतं, तरी अंग आंबून जातंय." मोकळ्या वेळात काय करता, असे आम्ही विचारतो. उत्तर ठरलेले, "काय करणार, मोबाईल बघतो."

नेदरलँड्समधील संशोधकांनी नेमके हेच तपासले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पीएच.डी. करणारे 83 जण होते. किती थकलात, किती कंटाळलात, हे त्यांना कामाच्या वेळेत वरचेवर विचारले आणि मोबाईलचा वापर ॲपने मोजला. थकवा किंवा कंटाळा वाढला की हात मोबाईलकडे जास्त वळत होता. मात्र मोबाईल पाहून झाल्यावर थकवा आणि कंटाळा कमी होण्याऐवजी थोडा वाढलेलाच दिसला. हा संबंध फार घट्ट नव्हता, आणि ही मंडळी टेबलावर काम करणारी होती, हेही सांगायला हवे. तरी रात्रपाळ्या आम्हीही काढल्या आहेत. पहाटे तीनला रील्स पाहून ताजेतवाने झाल्याचे आठवत नाही.

कारण सरळ आहे. मोबाईल पाहताना पापणी कमी लवते, मान वाकलेली राहते, डोके चालूच असते. अंग बसलेले असते एवढेच.

काही साहेब म्हणतात, मोबाईलमुळे माणसे कामचुकार झाली. हे आम्हाला पटत नाही. थकलेला माणूस मोबाईल उचलतो, तेव्हा त्याला आधी विसावा मिळाला का, हे विचारा. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. विश्रांती मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

सुट्टीच्या दहा मिनिटांत घरी फोन जरूर करा. मग तो खिशात ठेवा. पाणी प्या, मोकळ्या हवेत चार पावले चाला, कुणी जागेवर असेल तर डोळे मिटून बसा. रात्रपाळीहून आल्यावर मोबाईल घेऊन अंथरुणात शिरू नका, आधीच तुटपुंजी झोप आणखी लांबते.

पुरेशी झोप होऊनही थकवा हटत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर दोष मोबाईलला देऊ नका. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. उपजिल्हा रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.