परवानगीचा कागद आणि प्रमाणपत्राचा कागद

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनानंतर एक पालक आमच्याजवळ आले. त्यांचा मुलगा आपल्याच वसतिगृहात सहावीपासून बारावीपर्यंत वाढलेला असून सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. आवाज खाली करून ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं हॅकिंगची परीक्षा द्यायची म्हणतंय. लई पैसं लागत्यात म्हणं. भरायचं का? आणि ह्ये चोरीचं शिक्षान तर न्हवं?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. परंतु पालकाचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून वर्षभरात आम्ही या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना विचारले, परीक्षांचे अभ्यासक्रम वाचले आणि सुटीच्या दिवशी संगणक कक्षात मुलांच्या शेजारी बसून ती काय करतात तेही पाहिले. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

हे काम आहे तरी काय?

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली. जिथून कोणी जाऊ शकणार नाही अशी सर्वांची समजूत होती, तिथूनच ती गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही या कथेला पुराव्याचा दर्जा देणार नाही. मात्र पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे काय हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांस सापडले नाही. एखाद्या संस्थेच्या संगणक यंत्रणेत शत्रू कोठून शिरू शकेल हे स्वतः शिरून पाहणे आणि बुरूज कोठे बांधावा हे त्या संस्थेस लिहून देणे, हे ते काम होय. व्यवसायात त्यास 'पेनटेस्टिंग' म्हणतात.

हिरकणीत आणि आजच्या परीक्षकात एक मोठा फरक आहे. हिरकणीजवळ कोणाची परवानगी नव्हती. आजच्या परीक्षकास ती आधी, लेखी आणि स्पष्ट शब्दांत घ्यावी लागते.

कोल्हापूरशी याचा काय संबंध?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या पुढे गेली. देशात ज्या शहरांतील एटीएमपुढे ही माणसे कार्डे घेऊन उभी राहिली, त्यांत आपले कोल्हापूरही होते.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा पैशांची मागणी 'स्विच' नावाच्या मधल्या यंत्रणेतून बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीकडे जाते. खात्यात शिल्लक असेल तर तेथून होकार येतो. चोरट्यांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून एक बनावट स्विच उभा केला. त्यामुळे मागणी मूळ हिशेबापर्यंत पोहोचलीच नाही आणि होकार मात्र वाटेतूनच मिळत राहिला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरविले. ते यंत्रणा भेदणारे सूत्रधार नव्हते. एटीएममधून नोटा काढणारे आणि त्यांना जमविणारे असे ते लोक होते. पोटासाठी चार पैसे मिळतील म्हणून दुसऱ्याचे कार्ड हाती घेणारा तरुण सर्वांत आधी तुरुंगात जातो, हेही पालकांनी घरी सांगावे.

आपला जिल्हा सहकाराचा आहे. नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ यांचे व्यवहार आता संगणकावर चालतात. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार पातळ्यांत विभागणी करून प्रत्येक पातळीस सायबर सुरक्षेची बंधने घालून दिली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०२२ पासून सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक केले आहे. म्हणजे हे काम अमेरिकेतील कंपन्यांपुरते नाही. ज्या बँकेत आपल्या आईच्या बचत गटाचे खाते आहे, त्या बँकेसही ते हवे आहे.

पहिला कागद : परवानगीचा

आपल्या एका विद्यार्थ्याची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत असताना तो नुकताच हे तंत्र शिकू लागला होता. उत्साहाच्या भरात त्याने तेथील नेटवर्कमध्ये कोणकोणती यंत्रे आहेत ते शोधले. एका यंत्राचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता. तो टाकून मुलगा आत शिरला. त्याने काही बिघडविले नाही, उलट दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितले. शाबासकी मिळेल अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात वडिलांना बोलावण्यात आले, माफीपत्र लिहून घेतले गेले आणि प्रकरण पोलिसांत जाता जाता थांबले. वडील एका दिवसाची मजुरी बुडवून गेले होते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करण्यास मनाई करते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करीत बसण्याची पाळी गरिबाच्या मुलावर आली, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील सहज मिळत नाही. म्हणून व्यावसायिक परीक्षक काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार करतो. कोणती यंत्रे तपासायची, कोणती नाहीत, कोणत्या तारखांना, कोणत्या वेळात, काही बिघडल्यास कोणास फोन करायचा, हे सर्व त्यात असते.

आपल्या शाळेत दररोज पंचशील म्हटले जाते. त्यातील दुसरे शील, जे दिलेले नाही ते न घेण्याचे, या व्यवसायास अक्षरशः लागू पडते. बाबासाहेबांनी शिक्षणाबरोबर शीलाचा आग्रह का धरला, हे समजण्यास दुसऱ्याच्या संगणकापुढे एकटा बसलेला तरुण डोळ्यांपुढे आणावा.

दुसऱ्या कागदाची तयारी

आता प्रमाणपत्राकडे वळू. सर्वांत मोठी चूक पहिल्याच पायरीवर होते. मुले परीक्षेचे नाव आधी निवडतात आणि पाया मागाहून शोधतात. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी एकमुखाने सांगितलेला क्रम असा.

पहिले तीन-चार महिने नेटवर्क आणि लिनक्स यांनाच द्यावेत. आयपी पत्ता म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर ते पान आपल्यापर्यंत कसे येते, हे वहीवर आकृती काढून दुसऱ्यास समजावून देता आले पाहिजे. लिनक्सच्या आज्ञा पाठ करण्यापेक्षा वापरून शिकाव्यात. त्यासाठी ओव्हरदवायर या संकेतस्थळावरील 'बँडिट' हा पायरीपायरीचा खेळ विनामूल्य आहे. थोडे पायथॉन आले तर उत्तम.

त्यानंतर घरातच प्रयोगशाळा उभारावी. व्हर्च्युअलबॉक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपच्या आत दोन-तीन आभासी संगणक चालविते. एकावर काली लिनक्स घालावे. परीक्षकाची हत्यारे त्यात आधीपासून असतात. दुसऱ्यावर 'मेटास्प्लॉइटेबल' घालावे. हा सरावासाठी मुद्दाम दुबळा बनविलेला संगणक आहे. तो बाहेरच्या इंटरनेटला जोडू नये, दोन्ही यंत्रे आपसांतच जोडावीत. यासाठी नवा कोरा लॅपटॉप लागत नाही. आठ जीबी रॅम असलेला जुनाही चालतो, सोळा जीबी असल्यास काम सुकर होते.

या प्रयोगशाळेत एनमॅपने कोणते पोर्ट उघडे आहेत ते पाहावे, जसे वाड्याभोवती फिरून कोणते दार लोटलेले आहे ते पाहावे. वायरशार्कने तारेतून काय वाहते ते वाचावे. मग संकेतस्थळांतील दोषांकडे यावे. पोर्टस्विगर या कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी पाठ आणि सराव दोन्ही विनामूल्य देते. ट्रायहॅकमी आणि हॅक द बॉक्स येथेही सरावाचा काही भाग विनामूल्य आहे. अशा ठिकाणी यंत्रे भेदण्याची परवानगी मालकानेच दिलेली असते. म्हणून सराव तेथेच करावा, शेजाऱ्याच्या वायफायवर नव्हे.

आणि रोज लिहावे. कोणती आज्ञा दिली, काय उत्तर आले, कोठे अडलो, कसे सुटलो. शेवटी संस्थेच्या हाती पडतो तो अहवाल. काय आढळले, त्यामुळे कोणते नुकसान होऊ शकते आणि दुरुस्ती कशी करावी, एवढे सुबोध लिहिता आले पाहिजे. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना या परीक्षांतील इंग्रजीचे दडपण येते. त्यांनी प्रथम मराठीत लिहून विचार नीट लावावा, मग त्याच तीन मुद्द्यांचे साधे इंग्रजी करावे. दररोज एक पान लिहिल्यास सहा महिन्यांत भीती जाते, हे आम्ही पाहिले आहे.

कोणती परीक्षा?

परीक्षा एकसारख्या नाहीत. कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस ही सुरक्षेचा सर्वसाधारण पाया तपासते. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि उत्तीर्ण होण्यास ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुण लागतात. त्याच संस्थेची पेनटेस्ट प्लस १६५ मिनिटांची असून कामाची आखणी, करार आणि अहवाल यांवरही प्रश्न विचारते. आयएनईची ईजेपीटी ही नवशिक्यांसाठी प्रत्यक्ष कामाची परीक्षा आहे. ४८ तासांत ३५ प्रश्नांची उत्तरे समोर दिलेली यंत्रे तपासूनच शोधावी लागतात. ईसी-कौन्सिलची सीईएच ही नोकरीच्या जाहिरातींत पुष्कळदा दिसते. तिच्या मुख्य परीक्षेत चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रात्यक्षिक वेगळे. ऑफसेकची ओएससीपी ही यांच्या पुढची पायरी आहे. त्यात पावणेचोवीस तास यंत्रे भेदायची आणि पुढील चोवीस तासांत अहवाल द्यायचा. तिथून सुरुवात करू नये.

आमचे मत असे की, पाया पक्का झाल्यावर प्रथम एक प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यावी. सीईएचचा विचार इच्छित नोकरीच्या जाहिरातीत ती मागितलेली असेल तरच करावा. घरी बसून द्यायच्या परीक्षेपूर्वी वीज आणि इंटरनेट यांची दुसरी सोय करून ठेवावी. पावसाळ्यात आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

पैसा आणि नोकरी

एका माऊलीने बचत गटाचे कर्ज काढून मुलीला एका खासगी वर्गात घातले. पाच महिन्यांनी त्या वर्गाने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र दिले. मुलीस पोर्ट म्हणजे काय हे सांगता येत नव्हते. कर्जाचे हप्ते मात्र दीड वर्ष चालले. म्हणून पालकांनी पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोणाचे, वर्गाचे की परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे? परीक्षेचे शुल्क यात धरले आहे काय? नापास झाल्यास पुन्हा किती भरावे लागेल? शुल्क बहुधा डॉलरमध्ये असते आणि बरीच प्रमाणपत्रे तीन वर्षांनी नूतनीकरण मागतात, हेही ध्यानात असावे.

पदवी मध्येच सोडू नये. या परीक्षांना बहुधा पदवीची अट नसते, पण नोकरी देणारे पदवी पाहतात. अभियांत्रिकी किंवा तत्सम पदवी घेतलेल्यांसाठी पुण्यातील सी-डॅक ही १९८८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था माहिती सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविते. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पहिली नोकरी बहुधा पेनटेस्टरची मिळत नाही. नेटवर्क सांभाळणे किंवा सुरक्षा केंद्रात पाळीने बसून धोक्याच्या सूचना पाहणे, अशी ती असते. तिला कमी लेखू नये. बचाव पाहिलेल्यालाच पुढे हल्ल्याची चाचणी नीट करता येते.

राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत अस्पृश्य समाजातील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा ज्या कचेरीच्या उंबऱ्याबाहेर त्यांचे वाडवडील उभे राहत, तेथे ती माणसे अधिकाराने बोलू लागली. आजचे प्रमाणपत्रही एक प्रकारची सनदच आहे. ज्यांच्या पूर्वजांवर गावाच्या विहिरीचाही विश्वास नव्हता, त्यांच्या मुलांच्या हाती बँक आपल्या तिजोरीची तपासणी लेखी परवानगीने सोपविते, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

त्या पालकांना आम्ही या उन्हाळ्यात निरोप धाडला. हे चोरीचे शिक्षण नव्हे. पैसे आत्ता भरू नका. मुलास सहा महिने विनामूल्य सराव करू द्या आणि त्याची वही आम्हांस दाखवा. मुलगा गेल्या महिन्यात येऊन गेला. दोनशे पानी वही निम्मी भरली होती. पहिल्या पानावर त्याने प्रयोगशाळेतील यंत्रांची आकृती काढली होती आणि खाली लिहिले होते : ही दोन्ही यंत्रे माझीच आहेत.