दारू सोडलेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवायचा, तर ॲडमिनने काय सांभाळायचं?

रात्रीचे साडेअकरा. ग्रुपवर मेसेज येतो, "आज घेतली. तोंड दाखवायची लाज वाटते." याला पहिलं उत्तर काय जातं, यावर तो माणूस ग्रुपमध्ये टिकणार की गुपचूप 'लेफ्ट' होणार, हे बऱ्याचदा ठरतं.

दारू सोडलेल्यांनी एकमेकांना धरून राहायचं, ही पद्धत जुनी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात अशाच दोघांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. खेड्यातून शहरातल्या बैठकीला रोज जाणं जमत नाही. तिथे मोबाइलवरचा ग्रुप कामी येतो. पण तो सांभाळला नाही, तर आधाराऐवजी तापच होतो.

ओळख जपा
व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. गावात नंबरवरून माणूस ओळखायला वेळ लागत नाही. म्हणून ग्रुपची लिंक गावच्या ग्रुपवर टाकू नये. नवीन सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीनेच घ्यायची सेटिंग चालू ठेवावी. स्क्रीनशॉट बाहेर जाणार नाही, हा नियम आल्या दिवशीच सांगावा.

घसरला म्हणून हाकलू नका
सोडल्यावर पुन्हा पिणं अनेकांच्या बाबतीत घडतं. "तुझ्याकडून होणारच नाही" असला टोमणा ॲडमिनने लगेच डिलीट करावा. मात्र गटारीचे फोटो, बाटलीचे विनोद टाकणाऱ्याला आधी वैयक्तिक समज द्यावी. ऐकत नसेल तर काढावं. एकाच्या गमतीपायी दुसऱ्याची महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

औषधं सुचवू नका
रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर हातपाय थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं. यात जीवही जातो. त्यामुळे "आजपासून बंद कर, काही होत नाही" असं कुणी लिहिलं, तर तिथेच थांबवावं आणि डॉक्टरकडे जायला सांगावं. चहा-भाजीत गुपचूप मिसळायच्या औषधांच्या जाहिरातीही काढून टाकाव्यात.

जिवाचा प्रश्न असेल तर
"आता जगून काय करू" असा मेसेज आला, तर ग्रुपवर उपदेश करत बसू नये. सरळ फोन करावा, बोलतं ठेवावं, जवळच्या माणसाला त्याच्याकडे पाठवावं. तातडीला ११२ आणि १०८ आहेत. टेलि-मानस १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. हे नंबर ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवावेत. नाव गुप्त ठेवायचा नियम खरा, पण जीव वाचवणं त्याच्या आधी.

कायद्याचं काय?
सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टला, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी वाईट पोस्ट दिसताच काढणं शहाणपणाचं.

ॲडमिनही माणूसच
बऱ्याच ठिकाणी ॲडमिन स्वतः दारू सोडलेला असतो. रोज रात्री दुसऱ्यांची दुःखं ऐकून त्याचाही तोल जाऊ शकतो. म्हणून दोन-तीन ॲडमिन असावेत, पाळ्या लावून घ्याव्यात. आणि साडेअकराच्या त्या मेसेजला उत्तर साधंच पुरतं: "सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता कुठं आहेस? फोन लावू का?"