हरवलेला मूक हास्यपट

चित्रपट हरवला असे म्हटले की लोक विचारतात, “हरवायला तो काय रुमाल आहे?” प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आम्ही एकच उदाहरण घेतो.

अनिता लूस या अमेरिकन लेखिकेची ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ ही विनोदी कादंबरी १९२५ साली निघाली. सोनेरी केसांची लॉरली आणि तिची फटकळ मैत्रीण डोरोथी एका बटण-कारखानदाराच्या पैशावर युरोपची सफर करतात आणि अखेर लॉरली दुसऱ्याच एका धनवंताशी लग्न लावते. श्रीमंतांची अशी टिंगल वाचकांना फार आवडली. पॅरामाउंट कंपनीने त्यावर मूकपट काढला. दिग्दर्शक होते माल्कम सेंट क्लेअर. लॉरली झाली रूथ टेलर, डोरोथी झाली ॲलिस व्हाइट. १९२८ च्या जानेवारीत तो पडद्यावर आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. मेरिलिन मन्रोचा त्याच नावाचा १९५३ चा बोलपट तेवढा लोकांना ठाऊक आहे.

असे का झाले? मूकपटांच्या नाशाची कारणे मुख्यतः तीन. पहिले, फीतच घातकी. ती नायट्रेटची, म्हणजे सुरुंगाच्या दारूची सख्खी बहीण. पेटली की पाण्यातही विझत नाही. न पेटली तरी डब्यात कुजून भुकटी होते. १९३७ साली न्यू जर्सीत फॉक्स कंपनीचे गोदाम पेटले आणि तिच्या मूकपटांचा मोठा साठा भस्म झाला. दुसरे, फितीत चांदी असते. वापरून झालेल्या प्रती धुऊन ती काढून घेत. तिसरे कारण हिशेबाचे. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जाझ सिंगर’ आला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटाला गिऱ्हाईक उरले नाही. गोदामाचा खर्च मात्र चालूच. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या सुमारे ११ हजार मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरले अवघे १४ टक्के.

आपले घर तरी कुठे शाबूत आहे? जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी बाबूराव पेंटरांनी १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये दाखवला. तो मूकपट गेला; १९३६ साली त्यांनीच काढलेल्या बोलपटावर तहान भागवायची. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली, म्हणजे मूकपटांचा काळ सरून तीस वर्षे झाल्यावर. आणि त्याच पुण्यात २००३ साली आगीने पुष्कळ नायट्रेट फिती खाल्ल्या.

जुने यंत्र मालकाने मोडीत काढले, तर आम्ही कामगार-चळवळीतली माणसे त्यावर भांडत नाही; नवे यंत्र तेच काम करते. चित्रपटाचे तसे नाही. त्यात नटनटींबरोबर सुतार, रंगारी, शिंपी, दिवेवाले अशा शेकडो हातांची मेहनत असते, आणि ती पुन्हा कोणी करून देऊ शकत नाही. तिचे मोल एका वर्षाच्या ताळेबंदावरून ठरवणे हा आमच्या मते अन्याय आहे.

म्हणून एवढेच सांगणे: कुणाच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या थिएटरात जुन्या फितींचे डबे असतील, तर ते भंगारवाल्याला देऊ नका आणि घरात विस्तवाजवळही ठेवू नका. संग्रहालयाला कळवा. त्या डब्यात काय आहे, हे उघडून पाहीपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.