विश्लेषण : पासवर्ड न चोरता शेकडो कंपन्यांचा डेटा कसा गेला?

ग्राहकांशी बोलणारा एआय चॅटबॉट कंपनीच्या सीआरएमला जोडणे आता दोन-चार क्लिकचे काम झाले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अशाच एका चॅटबॉटच्या जोडणीतून हल्लेखोर जगभरातील कंपन्यांच्या ग्राहक-नोंदींपर्यंत पोहोचले. ७०० हून अधिक संस्थांना याची झळ बसली असावी, असा गुगलच्या तज्ज्ञांचा अंदाज होता. त्यात क्लाउडफ्लेअर, झेडस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स या इतरांना सायबर सुरक्षा विकणाऱ्या कंपन्याही होत्या. यासाठी त्यांच्या एकाही कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरावा लागला नाही. मग हल्लेखोर आत शिरले कसे?

सीआरएममध्ये असते काय?

गाडीच्या शोरूममध्ये मोबाइल नंबर दिला, बिल्डरच्या साइट ऑफिसात फॉर्म भरला, इंटरनेट बंद पडले म्हणून तक्रार नोंदवली, की ती माहिती ज्या सॉफ्टवेअरमध्ये जाते ते सीआरएम, म्हणजे ग्राहक संबंध व्यवस्थापन प्रणाली. सेल्सफोर्स, हबस्पॉट, आपल्याकडची झोहो ही त्यातली ओळखीची नावे. नाव-नंबर ही त्यातली वरवरची माहिती. ग्राहकाचे बजेट किती, मागच्या वेळी तो कशावरून चिडला, कोणाशी काय बोलणे झाले, हे सगळे तिथे साठत जाते.

एआय सहायक याच माहितीवर चालतो. रात्री अकराला आलेल्या चौकशीला उत्तर देणे, नवी नोंद करणे, लांबलचक तक्रारीचा सारांश काढणे ही कामे करायची तर त्याला सीआरएममधले वाचता आले पाहिजे आणि तिथे लिहिताही आले पाहिजे. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

जोडणी म्हणजे नेमके काय?

चॅटबॉटला पासवर्ड दिला जात नाही. कंपनीचा ॲडमिन एकदा परवानगीच्या बटणावर क्लिक करतो आणि सीआरएम त्या चॅटबॉटसाठी एक टोकन तयार करते. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. पुढे चॅटबॉट टोकन दाखवून ये-जा करतो. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे घराची जादा किल्ली ठेवावी, तसा हा प्रकार. पद्धत वाईट नाही; पासवर्ड वाटत सुटण्यापेक्षा कितीतरी बरी. पण टोकन दाखवणाऱ्याला ओटीपी विचारला जात नाही. कर्मचाऱ्याने आपला पासवर्ड बदलला तरी टोकन बहुतेकदा चालूच राहते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ते ठेवलेले असते चॅटबॉट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. शेजाऱ्यांच्या घरी चोरी झाली तर आपलीही किल्ली गेली.

ऑगस्टमध्ये काय घडले?

सेल्सलॉफ्ट या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये ड्रिफ्ट हा चॅटबॉट विकत घेतला होता. वेबसाइटवर आलेल्या माणसाशी बोलायचे आणि चौकशी थेट ग्राहक कंपनीच्या सेल्सफोर्समध्ये नोंदवायची, हे त्याचे काम. गुगलच्या मँडियंट या कंपनीने नंतर केलेल्या तपासानुसार मार्च ते जून २०२५ या काळात हल्लेखोर सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात वावरत होते. तिथून ते ड्रिफ्टच्या क्लाउडमध्ये शिरले आणि ग्राहक कंपन्यांची टोकन त्यांच्या हाती लागली.

८ ते १८ ऑगस्ट या काळात ही टोकन वापरली गेली. हल्लेखोरांनी आधी कोणत्या प्रकारच्या किती नोंदी आहेत हे मोजले, मग त्या उतरवून घेतल्या आणि जाताना आपल्या कामाच्या खुणाही पुसायचा प्रयत्न केला. सेल्सफोर्सच्या दृष्टीने मात्र आत आलेला ड्रिफ्टच होता, कारण टोकन खरे होते.

त्यांना हवे होते ते तक्रारींच्या मजकुरात होते. काम अडले की माणूस सपोर्टवाल्याला काय काय पाठवतो, याचा अनुभव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे: पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या, सेटिंगची आख्खी फाइल. हल्लेखोरांनी उतरवलेल्या मजकुरात ॲमेझॉन क्लाउडच्या किल्ल्या आणि पासवर्ड शोधले. एका कंपनीच्या तक्रारवहीतून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग होता. क्लाउडफ्लेअरला आपल्या चोरीस गेलेल्या नोंदींमध्ये स्वतःचीच १०४ टोकन सापडली. ती सगळी बदलण्यात आली.

२० ऑगस्टला ड्रिफ्टची सर्व टोकन रद्द झाली आणि सेल्सफोर्सने आपल्या ॲपबाजारातून ड्रिफ्टला काढले. आमच्या प्रणालीत दोष नव्हता, असे सेल्सफोर्सने सांगितले. तांत्रिकदृष्ट्या ते खरेच होते. ज्यांच्या नोंदी गेल्या त्यांना त्याचा उपयोग काय, हा भाग वेगळा. नोव्हेंबरमध्ये गेनसाइट या दुसऱ्या ॲपच्या बाबतीत जवळपास असेच घडले. तेव्हाही सेल्सफोर्सला टोकन रद्द करावी लागली आणि २०० हून अधिक खाती संशयाच्या घेऱ्यात आली.

कोणी वाचले का?

ओक्टा ही कंपनी वाचली. तिच्या टोकनचाही वापर करून पाहिला गेला, पण तिने ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच सीआरएममध्ये प्रवेश मिळेल अशी अट आधीच घातली होती. किल्ली बरोबर होती, पण ती भलत्या ठिकाणाहून फिरवली गेली म्हणून दार उघडले नाही. ही सोय नवी नाही. ती चालू करण्याचा कंटाळा मात्र सार्वत्रिक आहे.

टोकन सुरक्षित असले तर धोका टळला?

नाही. एआय सहायकाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी साध्या सॉफ्टवेअरला नव्हती. वाचायचा मजकूर कोणता आणि पाळायची आज्ञा कोणती, यातला फरक त्याला नेहमी कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नोमा सिक्युरिटीच्या संशोधकांनी सेल्सफोर्सच्याच एजंटफोर्स या एआय सहायकातली अशी त्रुटी उघड केली. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये वर्णनासाठी ४२ हजार अक्षरांची जागा होती. संशोधकांनी त्यात ग्राहकाच्या चौकशीसारख्या दिसणाऱ्या मजकुरात सूचना पेरल्या. कर्मचाऱ्याने सहायकाला ती चौकशी पाहायला सांगितले, की सहायक त्या सूचनाही पाळायचा आणि सीआरएममधली माहिती बाहेरच्या पत्त्यावर धाडायचा. तो पत्ता सेल्सफोर्सच्या विश्वासू यादीत होता, पण त्याची मुदत संपली होती. संशोधकांनी तो अवघ्या ५ डॉलरना विकत घेतला. सेल्सफोर्सने ८ सप्टेंबरपासून नियम कडक करून ही वाट बंद केली.

थोडक्यात, सीआरएममध्ये कोणीही अनोळखी माणूस काहीतरी लिहू शकतो. ते सीआरएमचे कामच आहे. तेच वाचणाऱ्या सहायकाला माहिती बाहेर पाठवण्याचीही मुभा असेल, तर हा धोका राहणारच.

मग सांभाळायचे कसे?

सुरुवात एका साध्या यादीपासून करावी लागते. कोणकोणती ॲप जोडली आहेत, कोणी जोडली, त्यांना काय दिसते आणि ती शेवटची कधी वापरली गेली? बहुतेक सीआरएममध्ये हे ॲडमिनला पाहता येते, पण पाहिले जात नाही. पंधरा दिवसांच्या मोफत चाचणीसाठी जोडलेला सहायक चाचणी संपल्यावर कोणी वापरत नाही. त्याची परवानगी मात्र तशीच राहते. पुणे-नाशिककडच्या छोट्या व्यावसायिकांकडे अनेकदा सीआरएम बसवून देणारी एजन्सीच ॲडमिन असते. काम संपून पैसे चुकते झाले तरी तिचे लॉगिन चालूच असते.

दुसरी गोष्ट परवानगीच्या मापाची. चॅटबॉटला फक्त नवी चौकशी नोंदवायची असेल, तर जुन्या तक्रारी वाचण्याची मुभा कशाला? जोडणी करताना ‘सर्व परवानग्या’ देणे सोपे असते, पुढे जे होते ते त्या सोपेपणापायी. प्रत्येक सहायकासाठी सीआरएममध्ये स्वतंत्र वापरकर्ता खाते केले, तर कोणी काय उघडले हे नोंदींमध्ये वेगळे दिसते आणि गडबड झाल्यास एकच खाते बंद करून भागते. मालकाच्याच लॉगिनवर जोडलेला सहायक मालकाला दिसते ते सगळे पाहू शकतो. पैसे परत करणे, नोंदी पुसणे, एकगठ्ठा ईमेल पाठवणे ही कामे माणसाने होकार दिल्याशिवाय होऊ देऊ नयेत. आणि तक्रारीच्या मजकुरात पासवर्ड येत असतील, तर ते तिथून काढलेलेच बरे, सहायक असो वा नसो.

भारतात जबाबदारी कोणाची?

‘चूक चॅटबॉटवाल्याची’ हे उत्तर चालणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ग्राहकाची माहिती गोळा करणारी संस्थाच जबाबदार राहते, प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली असली तरी. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा फुटल्यास बाधित ग्राहकांना विलंब न लावता कळवायचे आणि ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला तपशील द्यायचा, असे त्यात आहे. यातील बहुतेक बंधने अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सायबर घटनेची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला देण्याचा आदेश मात्र २०२२ पासूनच आहे.