दाताची झीज आणि भर

खेळताना गुडघा खरचटला, तर चारआठ दिवसांत त्यावर खपली धरते आणि खपलीखाली नवी त्वचा तयार होते. हात मोडला, तर हाड काही आठवड्यांत पुन्हा सांधले जाते. शरीराच्या अंगी असलेल्या या गुणामुळे मनुष्य किती दुखण्यांतून निभावून जातो! मग दाताला कीड लागली, तर ती जागाही आपोआप का भरून येऊ नये? दंतवैद्याकडे जाण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळ मुलांच्या मनात हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण ते कीड किती खोलवर गेली आहे यावर अवलंबून असते.

‘कीड’ हा शब्दच मुळी एका जुन्या समजुतीची खूण आहे. दातात अळी शिरते व ती दात पोखरते, असे प्राचीन बाबिलोनियातील लोक मानीत आणि जगातील इतर अनेक देशांतही हीच कल्पना रूढ होती. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली आपल्या ग्रंथात या अळीवर अविश्वास दाखविला. खऱ्या अपराध्याचा माग मात्र पुढे दीडशे वर्षांनी लागला. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे काढून टाकलेले दात पाव मिसळलेल्या लाळेत ठेवून पाहिले. तोंडातील सूक्ष्म जंतू पिष्ट व साखर यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दात विरघळू लागतो, असे त्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. म्हणजे दात कोणी कुरतडीत नाही, तो विरघळतो.

दातावरील पांढरेशुभ्र कवच म्हणजे दंतवल्क. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिज स्फटिकांचा असतो. परंतु या काठिण्याची किंमतही मोठी आहे. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नाहीशा होतात. त्वचेला आणि हाडाला आपली डागडुजी करणारे कारागीर घरातच आहेत. दंतवल्काचे कारागीर मात्र घर बांधून कायमचे निघून गेलेले असतात. दंतवल्काच्या खाली दंतिन नावाचा किंचित मऊ थर असतो आणि त्याच्याही आत मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांनी भरलेला मऊ गाभा असतो.

कारागीर नसताना दुरुस्ती व्हावी कशी? ती लाळ करते. गोड पदार्थ तोंडात पडल्यावर काही मिनिटांतच दातांवरील जंतूंच्या थरात आम्ल वाढते आणि दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर झिरपू लागतात. पुढे अर्ध्या ते एका तासात लाळ ते आम्ल धुऊन व मारून टाकते. लाळेत हीच दोन खनिजे विरघळलेली असतात. आम्ल ओसरले म्हणजे ती पुन्हा दंतवल्कात शिरतात आणि अर्धवट विरघळलेल्या स्फटिकांवर बसतात. पाकात सोडलेल्या दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे वाढतात ना, तसाच हा प्रकार. झीज आणि भर यांचा हा व्यवहार रोज अनेक वेळा चालतो, आणि तो चालू असल्याची जाणीवही कोणाला होत नाही.

झीज भरीपेक्षा वरचढ होऊ लागली, की दातावर प्रथम खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. पुष्कळदा तो हिरडीच्या कडेला असतो आणि दात कोरडा केल्यावरच नीट दिसतो. येथे वरचा पातळ थर अजून शाबूत असतो; त्याच्या खालचा भाग तेवढा सच्छिद्र झालेला असतो. ही अवस्था परतण्याजोगी असते. नेदरलँड्समधील संशोधक बॅकर डर्क्स यांनी काही मुलांचे दात वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत पुनःपुन्हा तपासले. वरच्या पहिल्या मोठ्या दाढांच्या गालाकडील बाजूस आठव्या वर्षी असे ७२ पांढरे डाग होते. सात वर्षांनंतर त्यांपैकी ३७ दिसेनासे झाले होते, २६ होते तसेच राहिले होते आणि खड्ड्यात रूपांतर झाले होते ते केवळ ९ डागांचे. हे निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले. घासण्यामुळे वरचा थर झिजूनही काही डाग जातात, हे खरे. तथापि पांढरा डाग पडला म्हणजे दात गेलाच, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

पण एकदा वरचा थर कोसळून भोक पडले, की गोष्ट निराळी होते. ज्या स्फटिकांवर नवी खनिजे बसावयाची, ते स्फटिकच तेथे उरत नाहीत. दोराच नसेल तर खडीसाखर धरणार कशावर? शिवाय त्या खड्ड्यात जंतूंना आयता आसरा मिळतो. तेथे ना घासणी पोहोचत, ना लाळेचा प्रवाह. दंतिन जिवंत असल्यामुळे ते स्वस्थ बसत नाही. शत्रू जवळ येताना पाहून गाभ्याच्या कडेच्या पेशी आतल्या बाजूने नव्या दंतिनाचा थर रचतात. गडावरील शिबंदीने आतून दुसरी भिंत उभारावी, तसे हे असते. परंतु बाहेरच्या तटाला पडलेले खिंडार त्यामुळे बुजत नाही.

याच अवस्थेत एक मोठी फसगत होते. किडलेली दाढ काही दिवस असह्य ठणकते, रात्र रात्र झोप येऊ देत नाही, आणि मग एके दिवशी दुखणे एकदम थांबते. घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. लवंग तेलाचा किंवा मिठाच्या गुळण्यांचा गुण आला, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दाताचा गाभाच मरून गेलेला असतो. वेदना कळविणारे मज्जातंतू उरले नाहीत, म्हणून वेदना नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी पोहोचून तेथे पू धरू लागतात. पुढे गालावर सूज येते, ताप येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास प्राणावरही बेतू शकते.

खड्डा पडल्यावर तो साफ करून भरून घेणे हा नेहमीचा उपाय होय. काही वेळा खड्डा न कोरताही कीड थोपविता येते. चांदी व फ्लोराइड असलेले एक द्रावण किडलेल्या जागी लावले, की जंतू मरतात व मऊ झालेला भाग कठीण होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या औषधाचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मात्र त्याने ती जागा काळी पडते, आणि खड्डा खड्डाच राहतो. कीड थांबणे आणि दात भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झीज आणि भर यांचे पारडे कोणत्या कारणाने झुकते, याचा शोध स्वीडनमध्ये १९४५ पासून काही वर्षे घेण्यात आला. लुंड येथील व्हिपेहोम रुग्णालयात मंदबुद्धी रुग्णांना निरनिराळ्या रीतीने साखर देऊन त्यांच्या दातांची नोंद ठेवण्यात आली. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसे बिघडले नाही. पण दोन जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट गोळ्या चघळणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. लाळेला भर घालण्यास सवडच मिळाली नाही! ज्यांना नकार देण्याचीही समज नव्हती अशा माणसांचे दात त्यासाठी खराब करण्यात आले, ही या ज्ञानाची काळी बाजू होय. तो प्रयोग आज अन्यायाचा मानला जातो.

झोपेत लाळ फारच थोडी सुटते. म्हणूनच रात्री गोड खाऊन तसेच निजणे दातांना फार बाधते. याउलट फ्लोराइड असलेल्या मंजनाने भर लवकर होते. कारण अल्प फ्लोराइडाच्या सान्निध्यात खनिजे दातावर वेगाने बसतात व नवे स्फटिक आम्लाला अधिक दाद देत नाहीत. अल्प हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींत व कूपनलिकांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते, आणि तेथील मुलांच्या दातांवर त्यामुळे पिवळट तपकिरी डाग पडतात.

साधारणपणे बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी मोठी दाढ हिरडीतून डोके वर काढते. ती तोंडात अगदी मागे असल्यामुळे घासताना हमखास सुटते. तिच्या दंतवल्कात अजून खनिजे पूर्ण भरलेली नसतात. वर आल्यानंतर पुढची काही वर्षे लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट घेऊन ते हळूहळू पक्के होत जाते.